एकेचाळीस चिठ्ठ्या

सहकार खात्याचा शिक्का, शाईची डबी, पत्र्याची पेटी
आणि डब्यात पोळी-भाजी
एवढं घेऊन साकोलीच्या बसनं उतरलो
तलावाच्या पाळीवर.
ढिवरांची संस्था. सभासद एकेचाळीस.
अध्यक्ष एक.

मतदान शाळेच्या व्हरांड्यात, सतराच्या पाढ्याखाली.
चारला पेटी उघडली.
वारलू दिघोरे, कपबशी, सतरा.
मनिराम वलथरे, छत्री, तेरा.
पैकाबाई मारबते, शिलाई मशीन, अकरा.
बाद मतं नाहीत.
वारलूच्या कपाळाला गुलाल, फटाक्यांची एक लड,
तीही अर्धीच वाजली.

शेवटची बस गेली होती.
पाळीवर झिबल नान्हे जाळ्याची भोकं शिवत बसलेला.
मान वर न करता म्हणाला,
"सतरा झनानं हो म्हटलं, साहेब.
चोवीस झनानं नाही म्हटलं.
तुमच्या वहीत 'नाही'ले घर नाही काजी?"

मी म्हणालो, ज्याला जास्त तो निवडून, असा नियम आहे.
"सोपा हाये," तो म्हणाला.
"सोपा बरा. आंगठेवाला बी मोजून पाहू सकते."
आणि दातांनी दोरा तोडला.

रात्री शाळेत झोप येईना.
वहीचं मागचं पान उघडलं.
दिवसभर व्हरांड्यात कान उघडे होते,
वारलू नाही त कोन, मनिराम नाही त कोन,
लोक बोलतच असतात, चिठ्ठीवर तेवढं मावत नाही.

सगळ्यात खाली पैकाबाई. तिला वगळलं.
तिच्या अकरांना मनातच विचारलं, आता कोण?
नऊ मनिरामकडे गेले, दोन वारलूकडे.
मनिराम बावीस. निम्म्याहून वर. अध्यक्ष.

मग जोड्या लावल्या, आखाड्यात लावतात तशा.
पैका विरुद्ध वारलू: मनिरामचे तेराही तिच्याकडे. चोवीस-सतरा.
पैका विरुद्ध मनिराम: वारलूचे सतराही तिच्याकडे. अठ्ठावीस-तेरा.
जिला सगळ्यात कमी, तीच दोघांना चीत करते.

कंदिलाची काच पुसली, पुन्हा मोजलं.
त्याच चिठ्ठ्या, तीच शाई लागलेली बोटं,
अध्यक्ष तीन.
बाहेर बेडूक ओरडत होते, सगळे एकदम,
त्यांना कोणी मोजत नव्हतं.

पहाटे जाळं ओढलं.
मरळ, शिंगूर, ओंजळभर झिंगे
सारखे ढीग करून मांडले ओल्या मातीवर.
एक पोरगा ढिगांकडे पाठ करून उभा.
"हा कोनाचा?" "वारलूचा."
"हा कोनाचा?" "पैकामायचा."
अध्यक्षाच्या ढिगात शिंगूरच शिंगूर, काटेच काटे.
तो हसला, टोपलीत भरू लागला.

मी झिबलला म्हणालो, मग संस्थाही अशीच वाटा ना.
सतराला सतराचा हिस्सा, अकराला अकराचा,
कोणाचं मत वाया जायला नको.
"ज्याचा जारा मोठा त्याच्या घरी सप्पा मासोऱ्या जात नाही,
हे खरं हाये," तो म्हणाला.
"पर डोंग्याचा बास एकाच्याच हाती लागते.
तिघं धरतील त डोंगा जाग्यावरच फिरन."
मग थोड्या वेळानं, माझ्याशी नाही, पाण्याशी बोलल्यासारखा,
"बास कोनाले द्याचा, हे मातर
एकडाव विचारून भागत नाही."

पुढं काय म्हणणार होता कोण जाणे.
त्याला कोणीतरी हाक मारली.

बसपाशी पैकाबाई आली. पळसाच्या पानात झिंगे.
"माही अनामत वाचली ना जी?"
वाचली, म्हणालो. सहावा हिस्सा लागतो, तुमची जास्त आहेत.
शंभराची नोट तिने उजेडात धरून पाहिली,
पदराच्या गाठीत बांधली.
मागच्या पानाचं तिला सांगावं की नाही
हे ठरेपर्यंत कंडक्टरनं घंटी मारली.

अहवाल तीन ओळींचा.
निवडणूक शांततेत. वारलू दिघोरे विजयी. तक्रार नाही.
मागचं पान फाडलं नाही.
त्यावर झिंग्यांचं पाणी सांडून
बावीस आणि अठ्ठावीस एकमेकांत मिसळलेत,
सतरा तेवढा अजून वाचता येतो.